टिचकीबाईंचा डावा कान

चिनीमातीच्या कारखान्यात भट्टीतून निघालेला प्रत्येक कप गाडीवर चढण्याआधी एका टेबलावरून जातो. तेथे बसलेली बाई तो डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलून कानाजवळ नेते आणि उजव्या हाताने त्याच्या काठावर टिचकी मारते. कप खणखणीत वाजला तर उजवीकडे, बद्द वाजला तर डावीकडे. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते, एवढ्या एकाच तत्त्वावर ते टेबल उभे आहे. त्या टेबलावर आपल्या आयुष्याची बहुतेक वर्षे काढलेल्या बाईंना सगळा कारखाना टिचकीबाई म्हणतो. घरीही त्यांच्या खऱ्या नावाचा उपयोग फक्त सरकारी कागदांपुरता उरला आहे.

त्यांच्याविषयी कारखान्यात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींतल्या निम्म्या बाजूला ठेवाव्या लागतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाला पडलेला कप ऐकून त्या त्याची भट्टी सांगत, ही त्यांपैकीच एक. खुद्द टिचकीबाईंना विचारले तर त्या म्हणतात, "पडलेला कप फुटलेला असतो, एवढं कोणीही सांगेल." मात्र त्यांचा उजवा कान लहानपणीच्या तापात गेला आणि पुढचे सगळे काम एकट्या डाव्याने केले, याला घरचे आणि कारखान्यातले दोघेही दुजोरा देतात.

पुढे तो डावाही थकला. ते कधी सुरू झाले हे सांगणे अवघड आहे, कारण कमी ऐकू येऊ लागलेल्या माणसाला आधी आपले कान नव्हे, जग बिघडल्यासारखे वाटते. टिचकीबाईंनी प्रथम भट्टीला दोष दिला. मग मातीला. सगळेच कप भिजल्यासारखे वाजू लागले तेव्हा त्यांनी मुकाट्याने कानाचा डॉक्टर गाठला आणि कानामागे बसणारे श्रवणयंत्र घेऊन परत आल्या. यंत्राने कप पुन्हा वाजू लागले. अडचण एवढीच की टेबलाशेजारच्या पेटीत वाकले की ते कानावरून निसटे.

एके दिवशी ते निसटून झिलईच्या बादलीत पडले. ती बादली दोन टेबलांच्या मधोमध ठेवलेली असते. टिचकीबाई ओरडल्या, "अगं, माझं कानातलं पडलं!" झाले! निवडीच्या खोलीतल्या सगळ्या बायका गुडघ्यांवर बसून पेंढ्यात इअररिंग शोधू लागल्या. कोणी विचारले सोन्याचे होते का, कोणी म्हणाली लटकते होते की खड्याचे. टिचकीबाईंना यातले काहीच ऐकू येत नव्हते, त्यामुळे त्या फक्त मान हलवत होत्या, आणि त्या मान हलवण्याचा अर्थ प्रत्येकीने आपापल्या सोयीने लावला. यंत्र बादलीतून निघाले तेव्हा त्यावर झिलईचा दुधी थर चढला होता आणि ते कायमचे मुके झाले होते. त्याहून वाईट म्हणजे, नवे यंत्र येईपर्यंत टेबल रिकामे राहू नये म्हणून टिचकीबाई यंत्राविनाच बसल्या. त्या पाळीतला माल गिऱ्हाइकाकडून परत आला. पेटीत चिरलेले कप होते.

सुपरवायझर मनाने वाईट नव्हता. त्याने ओरडा केला नाही. नवे यंत्र लावून टिचकीबाई टेबलाशी आल्या तेव्हा तो जवळ येऊन, त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई, मशीन परत पडलं तर टेबल सोडावं लागेल. मला वरून ऐकून घ्यावं लागतं."

"तुम्हाला ऐकून घ्यायला मिळतं तरी," टिचकीबाई म्हणाल्या.

पण त्या हसल्या नाहीत. टेबल सोडणे म्हणजे बांधणीच्या खोलीत जाणे. तेथे कप कागदात गुंडाळतात आणि पेंढ्यात रचतात. तेथे कानाचे काम नाही. ज्या बाईचे नावच टिचकी आहे तिला त्या खोलीत कोणी काय म्हणून हाक मारायची?

*

यंत्र कानावर टिकवण्याचे सरळ उपाय त्यांनी आधी केले. डॉक्टरने दिलेली दोरी यंत्राला बांधून तिचा चिमटा कॉलरला लावला. ती दोरी एप्रनच्या पट्ट्यात अडके आणि मान वळवली की यंत्र उलट ओढले जाई. चिकटपट्टी लावली, ती भट्टीच्या उबेने सुटली. कानाच्या पाळीतल्या कडीला बांधावे म्हटले तर डाव्या कानाची पाळी फार पूर्वी जड कानातल्याने फाटून दुभंगली होती. शिवाय पाळी खाली, यंत्र वर. पडलेले यंत्र पाळीपासून लोंबकळून हातातल्या कपावरच आपटले असते.

कानाच्या वरच्या कडेला भोक पाडून तेथे कडी घालावी आणि यंत्र तिलाच जखडावे, म्हणजे ते पडणारच नाही, ही कल्पना कोणाची यावर मतभेद आहेत. टिचकीबाईंचे यजमान शहरबस चालवतात. ते म्हणतात की बसच्या आरशाला आपण तारेने जखडले ते पाहून ती आपणच सुचवली. टिचकीबाई म्हणतात, "यांनी सुचवलं ते कानालाच तार बांधायचं. भोक मी सुचवलं." दोन्ही निवेदनांत तथ्य असावे.

टोचण्याचे आणि गोंदण्याचे दुकान बाजारामागच्या गल्लीत होते. दुकान चालवणारी बाई तिशीची, दोन्ही हात मनगटांपर्यंत गोंदलेले. बायका तिला टोचणारी म्हणत. तिने टिचकीबाईंचा कान दिव्याखाली धरला आणि आधी नकारच दिला.

"काकू, ही वरची कड म्हणजे कूर्चा. पाळीसारखी नाही. भरायला महिने लागतात. या वयात कशाला?"

"वय मला आहे. कान अजून काम करतोय."

"बरं, टोचलं समजा. त्याच्यावर मशीनचा दाब पडून चालणार नाही. सूज उतरेपर्यंत मशीन घालायचंच नाही, आणि पूर्ण बरं होईपर्यंत कडीला काही बांधायचं नाही."

"तोवर मी ऐकायचं कशानं?"

टोचणारीने खरे उत्तर दिले. "ते मला नाही माहीत."

टिचकीबाईंनी थोडा विचार केला. मग दुसऱ्या दिवशी सुपरवायझरकडे जाऊन त्यांनी स्वतःच बांधणीची खोली मागितली. अट एकच: काही महिन्यांनी येणारी मोठी ऑर्डर सुरू होईपर्यंत टेबल त्यांचे राहील, तोवर तेथे बदली बाई बसेल; तोपर्यंत त्या परतल्या नाहीत तर टेबल बदलीचे. सुपरवायझरने मान्य केले. बदली म्हणून त्याने जिला बसवले ती टिचकीबाईंची धाकटी जाऊ. ती त्याच कारखान्यात झिलईवर काम करत होती आणि तिचे दोन्ही कान ठणठणीत होते.

"बसते मी, ताई," धाकटी म्हणाली. "तुमची उशी गरम ठेवते."

"उशी ठेव. नखं सांभाळ."

*

टोचणारीने कान टोचायची बंदूक वापरली नाही, पोकळ सुई वापरली, आणि भोकात एक लांब दांडी घातली. सूज येणार, तिला जागा हवी, म्हणून ती लांब. बरोबर गेलेल्या यजमानांना सुई पाहून काय झाले कोणास ठाऊक. बायको एकटीच सोसते हे त्यांना बघवेना, असे ते सांगतात. धाकटीच्या मते त्यांना दुकानातला पंखा आवडला होता आणि उठायचे नव्हते. कारण काहीही असो, त्यांनी त्याच बैठकीत हातावर एक कप गोंदवून घेतला. बसच्या डेपोत पहिल्याच दिवशी विचारणा झाली, "ही बादली कशाला काढली?"

त्यामुळे घरात एकाच वेळी दोन जखमा आल्या, आणि दोघांना मिळालेल्या सूचनांचा एकमेकींत गुंता झाला. टोचणारीने यजमानांना सांगितले होते की सौम्य साबणाने धुवा, टिपून कोरडे करा, मलम अगदी पातळ लावा, खाजवू नका, खपली काढू नका आणि उन्हापासून झाका. खिडकीकडचा हात दिवसभर उन्हात असणाऱ्या बसचालकाला यातले शेवटचे कलम सर्वांत जड गेले. ते भर गरमीत पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू लागले आणि घरी येऊन तक्रार करू लागले.

"ती बाई एकदा म्हणते कोरडं ठेवा. एकदा म्हणते कोरडं पडू देऊ नका. मी नक्की करू काय?"

"ओलं ठेवू नका आणि सुकवू नका," टिचकीबाई म्हणाल्या.

"हे तरी कळलं का तुला?"

टिचकीबाईंना ऐकूच आले नव्हते. त्यांनी ओठांवरून अंदाजाने उत्तर दिले होते, आणि ते बरोबर निघाले.

खपली खाजते. झोपेत यजमानांची बोटे त्या कपाच्या उजव्या कडेला गेली आणि सकाळी चादरीवर खपलीचा तुकडा सापडला. त्या जागेचा रंग उडाला. कपाला धरायला काही उरले नाही.

"माझ्या कपाचा कान गेला!" यजमान हात पुढे करून म्हणाले.

"घरात एका कानाची उस्तवार पुरे आहे," टिचकीबाई म्हणाल्या. "तुम्ही आता पेला घेऊन फिरा."

त्यांची स्वतःची उस्तवार चोख होती. औषधाच्या दुकानातून आणलेल्या निर्जंतुक मीठपाण्याचा फवारा सकाळी आणि संध्याकाळी. आधी हात धुवायचे. कडेला जमलेला पांढुरका थर पाण्याने मऊ करायचा आणि कागदी रुमालाने टिपायचा, नखाने नाही. कापूस वापरायचा नाही, त्याचे धागे दांडीत अडकतात. दांडी फिरवायची नाही. बांधणीच्या खोलीत मातीची बारीक पूड सतत उडते, तेव्हा डोक्याला सैल रुमाल. कंगवा डाव्या बाजूला खालून वर. झोपायचे फक्त उजव्या कुशीवर.

ज्या गोष्टी करायच्या नाहीत त्यांचा पुरवठा मात्र बांधणीच्या खोलीतून मुबलक होता. एकजण म्हणाली तेल सोड. दुसरी म्हणाली पावडर दाब. तिसरीने स्वतःच्या मुलीचा दाखला देऊन बजावले की रोज दांडी फिरवली नाही तर ती मांसाला चिकटते. टिचकीबाई सगळ्यांचे ऐकून घेतल्यासारखा चेहरा करत. यंत्र नसण्याचा तेवढा एक फायदा त्यांनी पुरेपूर वापरला.

तरी कान दुखत होता. दुसऱ्या आठवड्यात दांडीच्या शेजारी एक लहानसा लालसर उंचवटा आला. टिचकीबाईंनी तो टोचणारीला दाखवला. तिने त्याला बोट न लावता पाहिले, गरम आहे का, ताप येतो का, पिवळा-हिरवा घट्ट पू येतो का, लाली पसरते का, असे विचारले आणि नाही हे उत्तर मिळाल्यावर सांगितले की ही चुरचूर आहे, पिकणे नाही. कुठेतरी दाब पडतोय. पिकले तर मात्र डॉक्टरकडे जायचे आणि तेव्हाही दांडी स्वतः काढायची नाही. टिचकीबाईंनी जुन्या शर्टाची बाही कापली, तिच्यात चिंध्या भरल्या आणि गोल शिवून मधे भोक असलेली उशी केली. झोपेत कूस बदलली तरी कान त्या भोकात राही. उंचवटा बसू लागला.

*

यानंतर जे घडले त्याची दोन निवेदने आहेत आणि तिसरा साक्षीदार नाही.

टिचकीबाईंना फोनवर ऐकू येत नसल्यामुळे टोचणारीकडे धाकटीचा नंबर दिलेला होता. एका दुपारी तो वाजला. धाकटी टेबलावर होती. शेजारून भट्टीच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, आणि लोखंडी चाकांच्या ट्रॉलीचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याने पुढच्या प्रसंगात कोणालाही दोष देऊ नये. टोचणारीच्या म्हणण्यानुसार तिने सांगितले ते असे: भरत आले की ही लांब दांडी काढायची आणि छोटी घालायची, उशीर करू नका, नाहीतर लांब दांडी हलत राहते आणि भोक तिरके होते; तर दुकानात या. धाकटीच्या म्हणण्यानुसार तिला ऐकू आले ते असे: भरत आले की दांडी काढायची, उशीर करू नका. बाकीचे ट्रॉलीने नेले.

पण खरा घोळ ट्रॉलीने घातला नाही. तो घातला 'भरणे' या साध्या शब्दाने. टोचणारी दिवसभर जखमा पाहते. तिच्या तोंडी 'भरले' म्हणजे जखम भरली, काम फत्ते झाले. धाकटीच्या घरात लहानपणापासून कानाबाबत 'भरले' हा शब्द एकाच अर्थाने वापरला जाई: भोक भरले, म्हणजे बुजले, गेले. तिने कान पाहिला होता. दांडीशेजारी उंचवटा पाहिला होता. तिच्या डोक्यात चित्र तयार झाले की मांस दांडीवर चढते आहे आणि दांडी आत गडप होणार आहे.

जेवणाच्या सुट्टीत ती धावतच बांधणीत आली आणि टिचकीबाईंच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "ताई! भरायला लागलंय! ती म्हणते दांडी काढा, उशीर नको!"

टिचकीबाईंच्याही घरात शब्दाचा तोच अर्थ होता. त्यांनी शंका घेतली नाही. दोघी हात धुण्याच्या जागी गेल्या, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि धाकटीने मागची गोळी फिरवून दांडी बाहेर काढली. कान हलका झाला. टिचकीबाई म्हणाल्या, "सुटले बाई." त्यांनी दांडी कागदात बांधून कमरेला खोचली आणि उरलेला दिवस रोजच्यापेक्षा भराभर पेट्या बांधल्या.

सुट्टीच्या दिवशी त्या दुकानात गेल्या. टोचणारीने केस बाजूला केले आणि तिचा हात थांबला.

"दांडी कुठाय?"

टिचकीबाईंनी पुडी पुढे केली.

टोचणारीने खुर्ची ओढून त्यांना आपल्याकडे तोंड करून बसवले आणि शब्द सुटे करून बोलली. "काढली कोणी?"

"तुम्हीच सांगितलंत. भरायच्या आत काढा म्हणून."

"भरलं की काढा, असं सांगितलं. भरलं की! आणि इथे येऊन!"

"भरल्यावर काढायला उरतं काय?"

मग टोचणारीने निर्जंतुक सुई घेऊन भोकाचा शोध घेतला. पुढून ठिपका दिसत होता. मागे गुळगुळीत कातडी होती. "हा नुसता खळगा राहिलाय," ती म्हणाली. "आरपार काही नाही. जबरदस्ती केली तर कूर्चा खराब होईल. आता हे शांत होऊ द्यायचं आणि मग थोडं बाजूला नवं टोचायचं. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे सगळं?"

"सगळं."

या दुकानात त्या दिवसापासून 'भरलं का' असे विचारले जात नाही, असे टोचणारी सांगते. तिने 'बरं झालं का' असे विचारायला सुरुवात केली. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारले, "बरं झालं? काय बरं झालं? माझं दुखतंय आणि तुम्हाला बरं वाटतंय?"

*

मोठी ऑर्डर सुरू झाली. टिचकीबाई सुपरवायझरसमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या कानात ना कडी होती ना यंत्र. सुपरवायझरने खिशातली पेन्सिल काढून खोक्याच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले: टेबल धाकटीकडे राहील. मग ओशाळून त्याने खाली आणखी लिहिले: काम बरे करते.

टिचकीबाईंनी पुठ्ठा वाचला. "ठरल्याप्रमाणे आहे," त्या म्हणाल्या. "मी परत टोचून घेणार आहे. टेबलाचं तेव्हा बघू."

घरी यजमान भडकले. त्यांच्या मते सगळे उघड होते. टेबल कोणाला मिळाले? फोन कोणी घेतला? दांडी कोणाच्या हाताने निघाली? कारखान्यातल्या निम्म्या बायकांचे मतही हेच होते, आणि कागदावर मांडले तर हा आरोप चांगलाच सुसूत्र दिसतो. टिचकीबाईंनी तो शेवटपर्यंत ओठांवरून वाचला.

"तुमचे कान कोणी भरले?"

"कोणी कशाला भरायला हवेत? दिसतंय की!"

"मग माझेही भरू नका. मला एकच आहे, आणि त्यातलं भोकसुद्धा भरलंय."

पण त्यांनी प्रश्न टाळला नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॉल्या थांबल्यावर त्या टेबलाशी गेल्या, धाकटीच्या हातातला कप काढून ठेवला आणि विचारले. आवाजाचा अंदाज नसल्याने तो प्रश्न साऱ्या खोलीने ऐकला.

"मुद्दाम केलंस का?"

धाकटी लाल झाली. मग उठून त्यांच्या कानाशी आली आणि तीही ओरडूनच बोलली, कारण दुसरा मार्ग नव्हता. "टेबल हवं होतं मला! झिलईत हात घालून कातडं गेलंय माझं. खोटं कशाला बोलू? पण तुमचा कान नको होता मला, ताई. कानाचं मला कळलंच नाही!"

टिचकीबाईंनी तिच्याकडे पाहिले. या उत्तरात स्वतःला वाचवण्याचा प्रयत्न नव्हता, आणि बहुधा म्हणूनच त्यांना ते पटले. हे अनुमान आहे. त्यांनी स्वतः कारण दिलेले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "मग यावेळी मागची बाजू तू बघायची. मला दिसत नाही."

*

कान निवला तेव्हा दुसऱ्यांदा टोचले गेले, पहिल्या ठिपक्याच्या किंचित वर. दुसरी खेप पहिल्यापेक्षा अवघड होती, कारण आता पुढचे सगळे माहीत होते. नवेपणाचे कुतूहल संपले होते आणि कारखान्यातल्या चौकश्याही. टिचकीबाई बांधणीत बसत, कागद, कप, पेंढा, कागद, कप, पेंढा. कप हातात येई तेव्हा बोट आपोआप टिचकीसाठी वाकत असे. त्या ते सरळ करत आणि कागद घेत. बांधणीतल्या एका नव्या बाईने त्यांना "ओ पेटीवाल्या" अशी हाक मारली. ती त्यांना ऐकू आली नाही, पण शेजारणीने दिलेल्या धक्क्यावरून काय झाले ते कळले. त्या संध्याकाळी त्या थेट घरी न जाता दुकानात गेल्या आणि दिव्याखाली बसून टोचणारीला म्हणाल्या, "किती राहिलंय ते नीट बघा. मला गोड बोलू नका."

"बरंच राहिलंय."

"ठीक आहे."

धाकटी रोज जेवणाच्या सुट्टीत येई. हात कोपरापर्यंत धुतलेले, हातात फवारा. "मान खाली. हलू नका. काय तो रुमाल घट्ट बांधलाय, कानावर घासतोय. सैल करा." टिचकीबाईंना यातला एकेक शब्दच पोचे. पण मानेवरच्या त्या बोटांची घाई आणि दरारा दोन्ही पोचत. सूज उतरली तेव्हा धाकटी स्वतः त्यांना घेऊन दुकानात गेली आणि छोटी दांडी घालताना टोचणारीच्या प्रत्येक हालचालीची उलटतपासणी केली. "भरलं म्हणजे जखम ना? भोक नाही ना? परत सांगा."

पुढे टोचणारीने यंत्र घालायला परवानगी दिली, पण बांधायला नाही. टिचकीबाई ते घरी लावत आणि कारखान्यात जाताना डबीत ठेवत. न बांधलेले यंत्र घेऊन कामाच्या जागी पाऊल टाकायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. एकदा सुपरवायझरने आपणहून सांगितले की बांधणीत लावायला हरकत नाही. "पडलं तर तुम्ही म्हणाल पडलं," टिचकीबाई म्हणाल्या. "ते वाक्य मला ऐकायचं नाही."

आणि मग, ऋतू पालटून गेल्यावर, टोचणारीने कान दाबून पाहिला, मागून पुढून पाहिला, दांडी सरकवून पाहिली आणि ती काढून जागी एक लहानशी गुळगुळीत कडी घातली. श्रवणयंत्राच्या वाकलेल्या नळीला रेशमी दोऱ्याचा पक्का वेढा घालून तिने तो त्या कडीत अडकवला. टिचकीबाईंनी मान झटकली. मग केस विंचरणाऱ्या मुलीसारखी ती उलटी खाली सोडली. यंत्र जागच्या जागी होते.

सुपरवायझरने दुसऱ्या दिवशी ते पाहिले, वाकून पाहिले, आणि अडचणीत पडला. धाकटी टेबलावर पक्की झाली होती. तिच्या हाताखालून गेलेला माल परत आला नव्हता. "दोघी वाटून घ्या ना," तो म्हणाला. "अर्धा दिवस तुम्ही, अर्धा दिवस ती. घरातल्याच आहात."

"टेबल म्हणजे काय पोळपाट आहे वाटून घ्यायला?" टिचकीबाई म्हणाल्या. "तिचं राहू दे. ठरलं ते ठरलं. मला ताटल्यांचं द्या."

ताटल्यांचे टेबल खोलीच्या आतल्या कोपऱ्यात होते. तेथे कोणी टिकत नसे. ताटल्या जड, त्यांच्या पेट्या खोल, आणि प्रत्येक ताटली उचलायला कमरेतून वाकून डोके जवळजवळ पेटीत घालावे लागे. ते काम पाळीपाळीने ढकलले जाई आणि त्यामुळे ताटल्या धड कोणीच ऐकत नसे. यंत्र लावलेल्या माणसासाठी कारखान्यात याहून वाईट जागा नव्हती.

"बाई, तिथे तर दिवसभर खाली डोकं," सुपरवायझर म्हणाला.

"म्हणूनच मागतेय. कप करताना जे पडायचं ते इथे पडत नाही हे तुम्हाला एकदा दिसू दे. मग मला परत विचारायला येऊ नका."

त्याने कपाळ पुसले आणि मान हलवली. टिचकीबाई कोपऱ्यात गेल्या. बाया कामे थांबवून पाहत होत्या. धाकटी टेबलावरून उठली नाही, पण तिच्या हातातला कप तसाच अधांतरी राहिला. ती पुटपुटली, "आता हिच्या ताटल्यांपुढे माझे कप कोण विचारणार?"

"ऐकलं मी," टिचकीबाई मागे न वळता म्हणाल्या.

खोलीत हशा पिकला. धाकटीने जीभ चावली आणि मग तीही हसली.

टिचकीबाईंनी एप्रनची गाठ आवळली, पेटीच्या कडेला पोट टेकवले आणि खांद्यांपर्यंत आत वाकल्या. बाहेरून फक्त त्यांची पाठ दिसत होती. सुपरवायझर दोन पावले पुढे आला. पेटीच्या आतून टिचकीचा आवाज आला, मग दुसरा, मग पेंढा सरकल्याचा. टिचकीबाई वर आल्या. चेहरा रक्त उतरून लाल झाला होता, केसांत पेंढ्याची काडी होती, आणि यंत्र कानामागे चिकटून बसले होते. हातातली ताटली त्यांनी डाव्या बाजूला ठेवली.

"ही चिरलीय," त्या म्हणाल्या. "पेटी इथे जवळ ओढून द्या, आणि तुम्ही उजेडातून जरा बाजूला व्हा."